देवाची दोन पावलं

आमच्या थडगी खोदणाऱ्यांच्या गावात न्याय देव स्वतः करतो. चौघे जण त्याची पालखी खांद्यावर घेतात, लेखनिक एकेक नाव वाचतो, आणि चोराच्या नावाला देव पुढे सरतो. देवाच्या त्या चालीत माआत असते, म्हणजे सत्यही आणि न्यायही. मी, पेनबुई, अकरा वर्षं पुढच्या दांड्याला आहे. माझं पाऊल उचललं की बाकीच्यांचं उचलतं, हे चौघांनाही ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

राजाच्या कामाची तांब्याची छिन्नी नाहीशी झाली आणि संशय विधवा वेबखेतवर आला. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ती छिन्नी मला सापडली, माझ्याच धाकट्या भावाच्या, नेब्रेच्या, पिठाच्या रांजणात.

"दादा, उद्या वेबखेतच्या नावाला दोन पावलं टाक," तो म्हणाला. "म्हातारी आहे, चार फटके देऊन सोडतील. मला खाणीत धाडतील, मी परत येणार नाही."

"देव चालतो नेब्रे, मी नाही."

"मला नको शिकवूस. दोन वर्षं मीही पालखीला खांदा दिलाय."

मला त्याचा संताप आला. तो खरं बोलत होता, म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला.

सकाळी सगळं गाव जमलं. वेबखेतचं नाव वाचलं गेलं. मी पाय रोवून उभा राहिलो. मग शेजाऱ्यांची नावं झाली, आणि शेवटी नेब्रेचं आलं. देवानं ढकलावं, दांडा जड व्हावा, काहीतरी व्हावं, असं मनापासून वाटत होतं. खांद्यावर नेहमीचंच ओझं होतं. देव जागचा हलला नसता, तर संशय वेबखेतवरच राहिला असता. नेब्रे माझ्याकडे बघत होता.

मी दोन पावलं पुढे टाकली.

लेखनिकानं विचारलं, "नेब्रे, देव खरं बोलला का?"

पावलं देवाची नव्हे, माझी होती, हे त्यानं सांगितलं असतं, तर त्याच्याबरोबर माझीही रवानगी खाणीत झाली असती.

"खरं बोलला," तो म्हणाला. "छिन्नी माझ्या पिठात आहे."

शिपाई त्याला माझ्या शेजारून घेऊन गेले. जाता जाता तो हळूच म्हणाला, "आईला सांग, देवानं नाव घेतलं. तुझं नाव मध्ये आणू नकोस."

मी आईला तेच सांगितलं. तेव्हापासून ती देवळाची पायरी चढलेली नाही. मला मात्र रोज पहिली भाकरी वाढते, आणि मी ती खातो.