बोंबलाची जोडी

घिवलीच्या तानीबायनं लग्नाकार्यात कधी मागची खुर्ची घेतली नव्हती. पण मुंबईच्या कॉलेजात पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला नातीनं, भाविकानं, तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि वर बजावलं, "आजी, मधे बोलायचं नाय हां."

"मी कशाला बोलू? पदवी तुला हवीय."

पोर सहा वर्षं मुंबईत राहून बोंबलांवर शिकत होती. बोंबलाला हात न लावता. आधी वाळवणाच्या दोरीच्या एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला नात. बोंबील टाकत एकमेकींकडे सरकायच्या. मधे हाताला हात लागला की रांग भरली. आता तानीबाय एकटीच या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, आणि मधे आली की उगाच थांबायची.

भाविकाचं बोलून झालं. चष्मेवाले परीक्षक पुढे वाकले.

"आज एका होडीला दिवसाला तीन हजार बोंबील, हे तुम्ही लिलावाच्या वजनावरून काढलंत. तीस वर्षांपूर्वी चार हजार, हे आजीच्या सांगण्यावरून. एवढ्याशा फरकावर मासळी आटली कसं म्हणता?"

भाविकानं कागद चाळले. पुन्हा चाळले.

तानीबायच्या मात्र लख्ख ध्यानात आलं. पोरीनं फोनवर विचारलं होतं, "तीस वर्षांपूर्वी एका होडीचे दिवसाला दोरीवर किती टाकायचीस गं?" आणि तिनं आपल्या हिशेबानं सांगितलं होतं. दोरीशी उभी राहून विचारती तर ही चूक झाली असती का?

तोंड उघडायची तिला कोण हौस. पण पोरीनं बजावलेलं. ती नुसती उभी राहिली आणि दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवून वर धरल्या.

भाविका बघत राहिली. मग तिचीही बोटं नकळत तशीच अडकली.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. आजी जोडी एक धरते. मी एक बोंबील लिहिला. तेव्हाचे चार नाही, आठ हजार."

"हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. विसरले."

परीक्षकांनी आकडे दुरुस्त करून आणायला सांगितलं आणि पदवीची शिफारस केली. बाहेर भाविकानं आजीला मिठी मारली. पोरीच्या अंगाला साबणाचा वास होता, नुसता साबणाचा.

"आता तरी घरी ये," हे तानीबायच्या ओठांवर आलं होतं. पण याचना तिच्या रक्तात नव्हती.

"चष्मेवाल्यानं इचारलं ते सोपं होतं," ती पदर सारखा करत म्हणाली. "दिवाळीनंतर बोंबील दोरीवर पडतील. त्या टोकाला कोण ऱ्हाणार, ते सांग."

भाविकानं आजीचा हात धरला.

तानीबायनं पुन्हा विचारलं नाही. रिक्षापर्यंत हात तेवढा सोडला नाही.