आपल्याच गावाला चालत आलेले पाय

मी घमेलं बोलतोय. तामचिनीचं, बाहेरून निळं, आतून पांढरं. पोलंडमधल्या चेंस्तोहोवा शहरात, वार्ता नदीजवळच्या जुन्या वस्तीत, पेलागियाबाईंच्या घरी मी राहतो.

टेकडीवरच्या मठात सोन्याचांदीची भांडी आहेत. असू देत. दर ऑगस्टमध्ये लोक नऊ-नऊ दिवस चालत येतात, मेरीच्या चित्रापुढे, आमच्या काळ्या माऊलीपुढे, आडवे पडतात, डोळे पुसतात आणि मग मुक्कामाला येऊन सुजलेले पाय माझ्यात सोडतात. माथा तिला, पाय मला. ही वाटणी मला मान्य आहे.

पेलागियाबाईंच्या आजीने मला लग्नात आणलं. महायुद्धात, चव्वेचाळीस सालच्या ऑक्टोबरात वॉर्सा जळून गेलं, तेव्हा तिथून आलेले पायही मी पाहिलेत. ते नवस फेडायला आले नव्हते. एका बाईच्या एका पायात पुरुषाचा बूट होता, दुसरा पाय उघडा. आजीने काही विचारलं नाही. पाणी मात्र रोजच्याइतकंच गरम केलं.

पुढे साम्यवादी सरकारने शहराच्या दुसऱ्या टोकाला पोलादाचा मोठा कारखाना वाढवला. लोकांनी आता मठाच्या मनोऱ्याकडे नाही, धुराड्याकडे बघावं, अशी त्यांची इच्छा होती. आमच्या लोकांनी दोन्हीकडे बघितलं. सहा ते दोन भट्टीवर राबले आणि कपडे बदलून, यात्रेकरूंसाठी टाळ्या वाजवायला मोठ्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. आमचं शहर असं आहे. कुणी काहीही म्हणो, मला त्याचा अभिमान वाटतो.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. एवढ्या वर्षांत माझ्यात कुठकुठचे पाय आले, पण या घराचे कधी आले नाहीत. इथली माणसं यात्रेला जातच नाहीत. जाणार कुठे?

पेलागियाबाईंचा थोरला मुलगा सेवेरिन भट्टीवर होता. ऑगस्टमध्ये पाणी तापवायचं, त्यात मीठ टाकायचं, हे काम त्याचं. वॉर्साच्या कुनेगुंदाबाई अठ्ठावीस वर्षं आमच्याकडेच उतरतात. त्या त्याला डिवचायच्या, "मी म्हातारी चालत येते. तू कधी निघणार रे?"

"मी कशाला निघू, मावशी? मी पोहोचलेलाच आहे."

मग सेवेरिन आजारी पडला. गेल्या हिवाळ्यात त्याने नवे बूट आणवले, पलंगाजवळ ठेवले. बरा झालो की रेल्वेने वॉर्साला जाईन आणि तिथून घरापर्यंत चालत येईन, म्हणाला. मे महिन्यात तो गेला. बुटांच्या तळव्यांना माती लागली नव्हती.

धाकटा गुस्तेक त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. शाळा अर्ध्यावर सोडून टायरच्या दुकानात लागलेला. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. जुलैअखेर आईने मला फळीवरून काढलं, तर त्याने मला हिसकावलं आणि अंगणात भिरकावलं.

"सगळ्या जगाचे पाय धुतलेस. त्याच्यासाठी कुणी काय केलं? यंदा फाटक उघडायचं नाही."

मी दगडावर आपटलो. नाण्याएवढा टवका उडाला, आतलं काळं लोखंड दिसू लागलं. त्याने मला लाकडाच्या खोपटात टाकलं.

ऑगस्टच्या चार तारखेला तो नाहीसा झाला. फोन टेबलावर, चिठ्ठी नाही. पलंगाजवळचे बूटही नव्हते. आई स्टेशनवर जाऊन आली, मोटारसायकल शर्यतीच्या मैदानावर जाऊन आली, नदीकाठी दोनदा गेली. रात्रंदिवस तिची पावलं मला खोपटात ऐकू यायची.

चौदाला दुपारी तिने मला बाहेर काढलं. शेजारीण म्हणाली, या वर्षी राहू दे. आई म्हणाली, "पोरगा आला आणि फाटक बंद दिसलं तर?" तिने फाटक सताड उघडलं आणि त्याला दगड लावून ठेवला. पाणी तिनेच तापवलं.

संध्याकाळी कुनेगुंदाबाई आल्या. सेवेरिनचं त्यांना कळलं होतं. त्या बसल्या, पाय माझ्यात सोडले आणि सांगू लागल्या. वाटेवर सगळे एकमेकांना भाऊ-ताई म्हणतात, तशी रीतच आहे. पण त्यांच्या तुकडीतला एक पोरगा पहिल्याच दिवशी एकाच्या अंगावर धावून गेला. मला भाऊ म्हणायचं नाही, माझा एकच होता, म्हणाला. तरी सगळे म्हणत राहिले. पाचव्या दिवशी त्याने तुकडीचा, प्रार्थना ऐकवणारा जड कर्णा स्वतःच्या पाठीवर घेतला. सातव्या दिवशी, फोड फुटलेल्या एका म्हाताऱ्याला हात देताना, तो स्वतःच म्हणाला, "चल, भाऊ."

आईचे हात पाण्यात थांबले. "कुठे आहे तो?"

"गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. फाटक उघडं आहे का, विचारतोय."

आई उठली नाही. तिच्याने उठवलंच नाही. "त्याला सांगा," ती म्हणाली, "उघडं आहे."

तो लंगडत आला, बाकावर बसला. आईने मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. आत दोन-दोन जाड मोजे होते.

"मोठे होतात ना रे तुला?"

"होत होते. आता पाय सुजलेत. बरोबर बसतात."

ती हसली. मेनंतर पहिल्यांदा हसली आणि मग तिला रडू आवरेना. त्याचे पाय माझ्यात आले तेव्हा मी काठोकाठ भरलेलो होतो. थोडं पाणी बाहेर सांडलं, त्यातलं थोडं खारट पाणी माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुस्तेक निळ्या रंगाचा डबा घेऊन माझ्यासमोर बसला. टवका बुजवायचा होता त्याला. मी मनात म्हटलं, बाबा रे, एवढंच ऐक. टेकडीवरच्या माऊलीच्या गालावर दोन वण आहेत. शेकडो वर्षं झाली, ते कुणी बुजवत नाही. त्या वणांसकट ती आमची आहे. माझाही राहू दे.

त्याने डबा उघडला, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि झाकण पुन्हा लावलं. आता मी फळीवर आहे. शेजारी ते बूट आहेत, वॉर्सापासून आमच्या दारापर्यंतची माती अंगावर घेऊन. येत्या ऑगस्टला पाणी गुस्तेक तापवणार आहे. या. फाटक उघडं असेल.