जाडं मीठ

माझ्या बाबांनी आयुष्यभर मनापासून द्वेष केला तो फक्त गंजाचा. सरकारं आली-गेली, वरच्या मजल्यावरच्या बोनेवने आमची शिडी नेली आणि ती आपलीच म्हणून छातीठोकपणे सांगितलं, तरी बाबा हूं की चूं करत नसत. पण कुणी गंजावरून नुसता रंग फिरवलेली गाडी गॅरेजात आणली, की त्यांचा आवाज थेट आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. आमचं रूसे गाव डॅन्यूबच्या काठावर आहे. नदीची ओल इथे गाड्यांचे पत्रे खालून खाते, त्यामुळे बाबांना, म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाल्या त्सांकोला, कामाची कधी ददात पडली नाही. त्यांचा नियम एकच होता. आधी सगळं खरवडून कोरा पत्रा दिसू दे, मग रंग. दुसऱ्याच्या थरावर आपला थर चढवायचा नाही.

अशा माणसाचा मुलगा माझा भाऊ ओगी. तोही पत्राच रंगवायचा, पण कॉम्प्युटरचा. लोक त्याच्याकडे कॅबिनेट आणून द्यायचे आणि तो ते आतून सजवायचा. कुठे रंग, कुठे विनाइलची चिकट फिल्म हीट गनने ताणून बसवलेली, वायरींनाही रंगात रंग. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बघत राहावंसं वाटायचं.

"डब्याला आतून रंग?" बाबा म्हणायचे. "आत कोण बघायला जातंय? झुरळं?"

"बाजूला काच असते बाबा. सगळं दिसतं."

"मग पडदा लावा म्हणावं."

तरी प्रत्येक कॅबिनेट झालं की ओगी ते उचलून बाबांच्या पुढ्यात आणून ठेवायचाच. बाबा चष्मा लावायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि नेमकी जागा शोधून काढायचे. "इथे ओघळ आलाय. इथे फिल्म उचलली गेलीये." ओगी 'बरं' म्हणून उचलून न्यायचा. मी एकदा बाबांना म्हटलंही, "एकदा चांगलं म्हटलंस तर जीभ झडेल का तुझी?" तर म्हणाले, "चांगलं झालं की म्हणेन की." ते तसे खरे होते. खोटं कौतुक त्यांनी कुणाचंच केलं नाही, आईच्या स्वयंपाकाचंही नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बायला गावाच्या रस्त्यावर ओगीला एका ट्रकने उडवलं. जिन्याच्या दारावर, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, त्याचा फोटो असलेला काळ्या चौकटीचा कागद लागला. चाळिसाव्या दिवशी तो बदलला, सहा महिन्यांनी पुन्हा बदलला. बोनेवची बायको दर वेळी त्याच्यासमोर उभी राहून छातीवर क्रॉसची खूण करायची आणि मग लिफ्ट बंद असल्याबद्दल शिव्या देत वर जायची. मला तिचा राग यायचा. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा.

ओगीने केलेली कॅबिनेटं ज्याची त्याच्याकडे गेली होती, कुणाचं वार्नाला, कुणाचं नदीपलीकडे रोमानियात. घरात त्याच्या हातचं एकच उरलं होतं. ते त्याने स्वतःसाठी करायला घेतलं होतं आणि अर्धवट राहिलं. आईने ते जुन्या पडद्यात गुंडाळून तळघरात ठेवलं, हिवाळ्यासाठी मिठाच्या पाण्यात कोबी मुरवायच्या पिंपाशेजारी. कुणी ते उघडून बघितलं नाही. आमच्यात तेवढी हिंमत नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा त्याचा मित्र विहरेन घरी आला. तोही तसलीच कामं करतो. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "त्सांकोकाका, त्या दिवशी दफनभूमीतून परत आलो की वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे आपापली कॅबिनेटं मांडणार आहोत. मधे ओगीचं ठेवू म्हणतो. आतलं त्याचं झालंय. बाहेरून निळा रंग आणि तळाला विनाइल, एवढंच राहिलंय. मी घेऊन जातो, करून आणतो."

"तू कशाला?" बाबा म्हणाले. "मी काय मेलोय?"

आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली. वर्षभरात बाबा पहिल्यांदा कशात तरी पडायला तयार झाले होते. गॅरेजला ओगी गेल्यापासून कुलूप होतं.

"तुम्ही केलंत तर..." विहरेन म्हणाला. "ओगीला फार आवडलं असतं, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला गॅरेजात हाक मारली. गुंडाळलेला पडदा सोडलेला होता, कॅबिनेट टेबलावर होतं आणि बाबा स्टुलावर बसले होते. "बघ," म्हणाले.

मी वाकून पाहिलं. आतून सगळं गंजलेलं होतं. राखाडी पत्र्यावर जागोजाग पोपडे फुटलेले, रिवेटांखालून तांबूस ओघळ खाली आलेले, कोपऱ्यांत तर पार खाऊन टाकल्यासारखं. नदीवरचे जुने मालवाहू बार्ज बंदरात कुजत पडलेले असतात, त्यांची पोटं आतून अशी दिसतात.

"तळघराची ओल," बाबा म्हणाले. "वर्षभर. पिंपाच्या शेजारी, खारट पाण्याच्या वाफेत. आईला अक्षर बोलू नकोस, झोरे. तिथे ठेवायचं तिनेच ठरवलं होतं."

"विहरेनला विचारूया का?"

"काय विचारणार? पोराची एक वस्तू आमच्याकडून सांभाळली गेली नाही, असं सांगायचं त्याला? मी काढतो. गंज काढायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

खरं सांगते, ते दिवस वर्षभरातले सगळ्यात बरे होते. बाबा सकाळी चहा घेऊन खाली जायचे, शेगडी पेटवायचे, आणि जेवायला हाक मारली तरी यायचे नाहीत. मी कॉफी घेऊन गेले की आतून बोलणं ऐकू यायचं. "एवढे बारीक कोपरे कशाला ठेवलेस रे गाढवा? बोट कुठून घालू इथे?" पॉलिश पेपरची घसघस, आणि परत, "ही कड मात्र सरळ कापलीयेस हां." जिवंतपणी जे एक वाक्य दिलं नाही, ते आता भिंतीला सांगत होते. मी बाहेर उभी राहून रडले आणि डोळे पुसून आत गेले. आई म्हणाली, "माणूस परत आला गं माझा." तिने त्या आठवड्यात त्यांच्यासाठी दोनदा चीजची, पापुद्र्यांची बानित्सा भाजली.

कोरा पत्रा झाला. त्यावर प्रायमर, त्यावर राखाडी, पहिला होता अगदी त्याच छटेचा, बाबांनी स्वतः कालवलेला. बाहेरून निळा. विनाइलने मात्र त्यांना रडकुंडीला आणलं. गाडी रंगवणाऱ्याचा हात तो, हीट गन जरा जास्त धरली की फिल्म आक्रसून गोळा व्हायची. "ही काय सालं आहेत का टोमॅटोची!" असं ओरडून त्यांनी दोन तुकडे फेकून दिले. मग मला कोपरे धरायला लावले, आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हवा ढकलत तिसरा तुकडा बसवला. त्यात एक बुडबुडा नव्हता. काच लावली, पुसली. आतला राखाडी इतका एकसारखा की त्यात माझा चेहरा अंधुक दिसत होता.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी विहरेन गाडी घेऊन न्यायला आला. आई वर श्राद्धाला वाटायचे गहू शिजवत होती. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. विहरेन गॅरेजात आला, टेबलाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं.

"वा, हे कुणाचं?" तो म्हणाला. "आणि ओगीचं कुठंय?"

"हेच की," बाबा म्हणाले.

विहरेन हसला. मग जवळ गेला, काचेतून आत बघितलं, मागच्या बाजूला ओगीने कापलेली खाच बोटाने चाचपली. त्याचं हसू गेलं.

"काका, आतला गंज?"

"काढला. सगळा. आता वीस वर्षं बघायला नको."

"काका..." तो खाली बसला, सरळ जमिनीवर. "काका, तो रंग होता."

"कसला रंग?"

"तो गंज रंगवलेला होता. ओगीने. जुन्या बार्जचं पोट करायचं होतं त्याला. दोन महिने लागले. आधी तपकिरी मारायचा, त्यावर पाणी शिंपडून जाडं मीठ टाकायचं, वरून राखाडी मारायचा. वाळला की मीठ चोळून काढायचं, जिथे खडा होता तिथे तपकिरी उघडं पडतं, पोपडा फुटल्यासारखं. मग ओघळ ब्रशने. एकेक. तुम्हाला दाखवायचं होतं त्याला. म्हणायचा, म्हातारा ह्याच्यावर अंगठा फिरवेल आणि म्हणेल, ओल कुठून आली रे? तेव्हा सांगेन."

बाबांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं.

"जाडं मीठ?" मागून आवाज आला.

आई मागे उभी होती. गव्हाची वाटी चाखायला म्हणून घेऊन खाली आली होती. ओगी जायच्या आदल्या नोव्हेंबरात कोबीचं पिंप भरायच्या दिवशी आमचं जाडं मीठ नाहीसं झालं होतं. आईने बाबांना धारेवर धरलं होतं, की तूच नेलंस, गॅरेजच्या उतारावर बर्फ होतो म्हणून टाकायला. बाबा आपल्या आईची शपथ घेऊन सांगत होते, नाही नेलं. कडाक्याचं भांडण झालं, ताटं आदळली, आणि ओगी समोर सूपमध्ये मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं होतं, ठसका लागलाय.

"मी तुला चोर म्हणाले, त्सांको," आई म्हणाली. वाटी तिच्या हातात तशीच होती. तिला हसू येत होतं की काय होत होतं कोण जाणे, पण तिचा चेहरा बघवेना. "पोरगं हसत होतं रे. आपण भांडत होतो आणि ते हसत होतं."

विहरेन फोन काढून फोटो शोधू लागला. "परत करता येईल काका, माझ्याकडे फोटो आहेत, मी करतो, आज सगळं सोडून करतो..."

"ठेव तो," बाबा म्हणाले. "तू केलेलं ते तुझं होईल."

दुसऱ्या दिवशी कबरीवर वाइन ओतली, गहू वाटले आणि हॉलमध्ये गेलो. विहरेनने कॅबिनेट मधल्या टेबलावर ठेवलं, त्याशेजारी ओगीचा फोटो. त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. लोक वाकून वाकून बघत होते. बोनेव, तो शिडीवाला, काचेवर नाक लावून म्हणाला, "अरे त्सांको, काय फिनिश आहे! फॅक्टरीत नाही होणार असं. पोराने बापाचं नाव काढलं बघ." मला त्याला तिथल्या तिथे एक ठेवून द्यावीशी वाटली. त्या टेबलावर ओगीचं काही म्हणजे काही नव्हतं, एक खाच सोडली तर. बाबा प्रत्येकाला "हो, हो" म्हणत उभे होते.

घरी आल्यावर आई आडवी झाली. बाबा गॅरेजात गेले ते बराच वेळ आले नाहीत म्हणून मी खाली गेले. शेगडी विझलेली होती. ते वापरलेले पॉलिश पेपर कचऱ्याच्या डब्यातून काढून टेबलावर पसरून बसले होते, पंधरा-वीस तरी असतील.

"वर चल बाबा. तुला कसं कळणार होतं? मीसुद्धा पाहिलं ना, मलाही गंजच वाटला. सगळ्या गावाला वाटला असता."

"गावाला वाटला असता," ते म्हणाले. त्यांनी एक कागद उचलून माझ्यापुढे धरला. "हा बघ. गंजाने कागद असा भरत नाही, झोरे. गंजाची पूड होते, झटकली की पडते. रंगाने भरतो. चिकटून बसतो. आणि गंज घासला की नाकात लोखंडाचा वास बसतो, तो दोन दिवस जात नाही. इथे वासच नव्हता. चाळीस वर्षं हेच केलंय मी. हाताला कळलं होतं. पहिल्याच कोपऱ्यात कळलं होतं."

"मग थांबला का नाहीस?"

बाबांनी त्या कागदावरून अंगठा फिरवला.

"थांबलो होतो," ते म्हणाले. "क्षणभर मनात आलं, हा रंग तर नसेल? मग म्हटलं, छे. आपल्या ओगीला कुठलं जमतंय एवढं. आणि नवा कागद घेतला."