तिसरा डबा, सातवा डबा

चष्मेवाल्याने समोरच्या आजोबांची पेटी बाकाखालून स्वतःच ओढून काढली. म्हातारबुवांचा विचार फिरायला नको.

"सातव्या डब्यात जायचं तुम्हाला, खिडकीची जागा आहे," तो म्हणाला. "बायकोला घेऊन येतो, मग तुम्ही निघा."

"आणा, आणा. करमत नाही वाटतं तिच्यावाचून?"

करमण्याचा प्रश्न नव्हता. वरच्या वर्गात दोन जागा शेजारीशेजारी मिळत होत्या, पण भाडं जवळजवळ दुप्पट. साध्या डब्यांत उरली होती एक जागा तिसऱ्यात, एक सातव्यात. "दिवसभराचाच तर प्रवास," असं म्हणत त्यानेच ही तिकिटं काढली. आता मात्र ती तिकडे एकटी बावरून बसली असेल, या विचाराने त्याला चैन पडेना. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, पण तिने कधी परक्या माणसाशी चार शब्द जास्त बोललेले त्याला आठवत नव्हते.

सातव्या डब्याच्या दारातच हसणं ऐकू आलं. ते तिचं आहे हे कळायला त्याला वेळ लागला.

बाकावर मांडी ठोकून ती हातवारे करत होती. "नाटकात मी हवालदार. मिशी डिंकाने चिकटवलेली. पाहुण्यांना वाकून सलाम ठोकला, तर मिशी थेट त्यांच्या चहात."

समोरचा निळ्या स्वेटरातला माणूस हसून हसून डोळे पुसत होता.

ही नाटकात होती? लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात चष्मेवाल्याची हयात गेली, आणि घरातलं एवढं त्याला ठाऊक नव्हतं. या स्वेटरवाल्याला मात्र सकाळच्या ओळखीवर सगळं आयतं मिळालं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, चल. माझ्यासमोरची जागा मिळालीय."

पाय खाली सोडून तिने चपला शोधल्या.

"अहो, पण त्या पाहुण्यांनी केलं काय?" स्वेटरवाल्याने तिला विचारलं.

"राहू दे आता," असं म्हणून तिने पिशवी उचलली.

आजोबा गेले. त्यांच्या जागेवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं.

"मग काय केलं त्या पाहुण्यांनी?" त्याने होईल तितक्या सहज विचारलं.

"कुठल्या पाहुण्यांनी?"

"ते, चहात मिशी पडली ते."

"काही नाही हो. शाळेतलं आपलं असंच."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मघाचं तिथे काहीच उरलं नव्हतं.

"परतीची वरच्या वर्गाची काढतो," तो म्हणाला. "दोघं शेजारी बसू. भाडं किती का पडेना."

तिने पिशवीचे बंद हातात घट्ट धरले.

"कशाला?" ती म्हणाली. "वेगळ्या डब्यांत जागा मिळाल्या तरी चालेल की मला."