दुसऱ्याच्या टोकनवर

मंदाबाईने बिलाचा कागद दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणला, तेव्हा टेबलापलीकडून बन्सीलालनानांनी हात लांब करून तो अलगद फिरवला आणि सुलटा केला.

"असा धरा," ते म्हणाले. "आता बघा."

सुलट्या कागदावरही तिला काही कळेना. अक्षर ओळखीचं नव्हतं, आणि आकडे ओळखीचे असले तरी इतके लांबलचक आकडे तिच्या संसारात कधी आलेच नव्हते. धुळ्याच्या त्या खाजगी दवाखान्यात नाना कित्येक वर्षं कारकुनी करत होते. अशा बाया त्यांना नव्या नव्हत्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि टाकाचं उलटं टोक एकेका ओळीवर ठेवत समजावायला घेतलं.

"हे ऑपरेशनचं. मांडीचं हाड जोडलं ना, ते. हे रक्ताच्या बाटल्यांचं. हे प्लास्टर, हे खाटेचं भाडं. खाली औषधं."

"हाई बठ्ठं आम्हाले भरनं पडी?"

"नाही हो. त्यासाठीच तर विमा. मिलवाले दर पगाराला थोडं थोडं कापून घेतात, ते अशाच दिवसासाठी. विम्याचे साहेब नाशिकहून आज यायचेत. ते कागद बघतात, घरच्या माणसाला एकदोन प्रश्न विचारतात आणि शिक्का मारतात. शिक्का पडला की तुम्ही मोकळ्या."

"आनि नही पडना तं?"

"मग बिल तुमचं," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, पण त्यामुळे ते ऐकायला सोपं गेलं असं नाही.

मंदाबाईने मनातल्या मनात हिशोब केला. विकायचं म्हटलं तर घर चाळीतलं, तेही भाड्याचं. अंगावर गळ्यातल्या पोतीपलीकडे काही नव्हतं. आणि पगारातून थोडं थोडं कापून गेलं होतं हे खरं, पण ज्याच्या पगारातून गेलं तो माणूस आत खाटेवर नव्हता. तो सोनगीरला आपल्या आईच्या उशाशी बसला होता.

त्याचं नाव पुना. मंदाबाईच्या नवऱ्याचं, हिलालचं, चाळीतलं दार त्याच्या दाराला लागून. दुष्काळाने गावाकडची कामं संपली तसा हिलाल धुळ्याला आला होता आणि रोज सकाळी मिलच्या फाटकाशी उभा राहत होता. कुणी गैरहजर असलं की बदलीत काम मिळायचं, नसलं की परत यायचं. त्याचं नाव अजून मिलच्या पटावर चढलं नव्हतं. पुनाची आई अत्यवस्थ झाली, तेव्हा पुनाची रजा संपलेली होती. दांडी मारली तर माग दुसऱ्याच्या हाती जाणार. मग चाळीत जे नेहमी चालायचं तेच झालं. पुनाने आपलं हजेरीचं टोकन हिलालच्या हातावर ठेवलं, खात्यावरच्या मुकादमाने, जॉबरने, दुसरीकडे बघितलं, आणि हिलाल पुना होऊन आत गेला. सुताने भरलेला बीम, मागाचा जड रूळ, उचलताना दोर निसटला आणि बीम त्याच्या मांडीवर आला. चार जणांनी त्याला दवाखान्यात आणलं, खिशातलं टोकन काढून टेबलावर ठेवलं, आणि दवाखान्याने तेच नाव लिहून घेतलं. त्या वेळी रक्त थांबवायचं होतं. नाव दुरुस्त करायला कुणाला सवड होती? आणि सवड मिळाली तोवर ते दुरुस्त करणं कुणालाच परवडणारं राहिलं नव्हतं. खरं बाहेर आलं असतं तर पुनाची नोकरी गेली असती, जॉबरची गेली असती, हिलालला त्या फाटकाशी पुन्हा कुणी उभं केलं नसतं, आणि वर हे बिल.

काल संध्याकाळी पुनाची बायको कुंदाबाई चुलीपाशी येऊन बसली होती. तिने मंदाबाईकडून सगळं घोकून घेतलं होतं.

"गाव सोनगीर सांगजो. खातं इचारं तं मागनं खातं सांगजो. सासराना नाव जीवराम. तेसनं नाव तं तुले मालूमच शे."

"मालूम शे," मंदाबाई म्हणाली होती. मग भाकरी थापता थापता तिने ते सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, आणि कुंदाबाईने समाधानाने मान हलवली होती. दोघीही लिहिणं-वाचणं न शिकलेल्या, पण पाठांतराला पक्क्या. एकही गोष्ट सुटली नव्हती.

नानांनी कोरा कागद पुढे ओढला.

"साहेब यायच्या आत तुमची जबानी लिहून ठेवू. म्हणजे त्यांना फार विचारावं लागत नाही. नवऱ्याचं नाव?"

"पुना जीवराम," मंदाबाई म्हणाली. खणखणीत म्हणाली. कुठे अडखळली नाही.

नानांचा टाक कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. त्याखाली शाईचा ठिपका पसरला.

"परत सांगा."

ऐकू आलं नसेल असं वाटून तिने आवाज चढवला. "पुना जीवराम. गाव सोनगीर. मागना खातामा शेतस."

नानांनी टाक दौतीत ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. बाहेर व्हरांड्यात दवाखान्याचा शिपाई विडी ओढत बसला होता, त्याच्याकडे एकदा बघून घेतलं.

"लग्नाला किती वर्षं झाली, अक्का?"

"नऊ."

"हं." त्यांनी आवाज खाली आणला. "माझी बायको रेशनच्या दुकानात उभी राहिली आणि दुकानदाराने माझं नाव विचारलं, तर ती शेजारणीच्या तोंडाकडे बघते. शेजारीण नसली तर रिकामी पिशवी घेऊन घरी येते, पण नाव घेत नाही. या टेबलाशी किती बाया आल्या. कुणी भिंतीकडे बघतं, कुणी पोराला पुढे करतं. एक बाई तर दंडावर गोंदलेलं दाखवायची. मी विचारतो खरा, पण उत्तर दुसऱ्याकडून घेतो. आजवर एकीनेही मला नवऱ्याचं नाव असं घडाघडा सांगितलं नाही."

मंदाबाईच्या लक्षात आलं. कुंदाबाईनेही शिकवताना ते नाव उच्चारलं नव्हतं. कुंदाबाईचा तो नवरा होता. आणि हिला ते पिठामिठाच्या नावासारखं सहज आलं, कारण तो हिचा कुणीच नव्हता. हिलालचं नाव कुणी विचारलं असतं तर तिची जीभ टाळ्याला चिकटली असती.

"नाना," ती म्हणाली, "मी तुमना पाय धरस."

"पाय राहू द्या. आणि मला काही सांगूही नका. तुम्ही सांगितलंत तर मला ते माहीत होईल, आणि माहीत झालं तर मला लिहावं लागेल." नानांनी त्या शाईच्या ठिपक्यावर टीपकागद दाबला. ते काही धाडसी गृहस्थ नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी कागद तयार करण्यात त्यांचे केस पिकले होते, आणि पेन्शन नसलेल्या नोकरीत म्हातारा माणूस फार जपून वागतो. शेवटी त्यांनी तो कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि नवा घेतला.

"साहेब स्वतः इथले नाहीत, पण त्यांच्याबरोबरचा शिपाई आपल्या खानदेशातला, पारोळ्याचा आहे. त्याला कळेल. तेव्हा साहेबांनी नाव विचारलं की तोंड उघडायचं नाही. पदर पुढे घ्यायचा, मान खाली घालायची. मी सांगेन ते नाव. त्यांनी 'हेच का?' म्हटलं तर लाजायचं आणि होय म्हणून मान हलवायची. जमेल?"

"जमी," ती म्हणाली. एवढंच तर होतं.

साहेब दुपारी आले. तरुण होते, घाईत होते, रुमालाने सारखी मान पुसत होते. त्यांनी बिलावरून नजर फिरवली, मिलचं पत्र बघितलं, आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "पेशंटचं नाव काय, बाई?"

मंदाबाईने पदर कपाळावर ओढला आणि मान खाली घातली.

"या बाया नाव घेत नाहीत, साहेब," नाना म्हणाले. "पुना जीवराम."

दारातला पारोळ्याचा शिपाई गालातल्या गालात हसला. साहेबही हसले. "बरोबर ना बाई? पुना जीवराम हेच तुमचे मालक?"

लाजायचं होतं. नऊ वर्षं ती कुणाकुणासमोर लाजली होती. हळदीकुंकवात बायका नावासाठी अडवायच्या तेव्हा, जनगणनेवाला आला तेव्हा. त्या लाजण्यात एक माणूस होता, त्याचा घामाचा वास होता, त्याचा खाकरण्याचा आवाज होता. ते लाजणं तिने आजवर एकट्या हिलालसाठी राखलं होतं. सकाळी पुनाचं नाव तोंडाने घेताना तिला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. आता ते न घेताना छातीत आगीचा लोळ उठला. खोटं बोलणं जमण्यासारखं होतं. हे गप्प राहणं जमण्यासारखं नव्हतं.

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते पदराआड राहिलं, आणि बघणाऱ्यांना ती नुसतीच लाजलेली दिसली.

शिक्का बिलावर दणकन आपटला.

नाना तिला व्हरांड्याच्या टोकापर्यंत सोडायला आले. "सोनगीरच्या माणसाला प्लास्टर निघेपर्यंत धुळ्यात फिरू देऊ नका," एवढंच ते म्हणाले आणि मागे न बघता आत गेले.

वॉर्डात हिलाल जागा होता. पाय वजनाला टांगलेला, ओठ कोरडे, दाढी वाढलेली. ती खाटेपाशी टेकताच त्याने कोपरावर उठायचा प्रयत्न केला.

"व्हयनं का काम?"

"व्हयनं. शिक्का पडना."

त्याने डोळे मिटले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखा लांब श्वास सोडला. मग हळूच विचारलं, "सायबनी काय इचारं?"

"नाव."

"मंग? तू काय सांगं?"

"मी काहीच नही सांगं. नानानी सांगं."

हिलालच्या सुकलेल्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. "माले तेनंच भ्याव नव्हतं," तो म्हणाला. "दुसरं काही चुकी, पन मनं नाव काही तुना तोंडमा येवाव नही. रातभर मी तेनाच भरोसावर निवांत झोपनू."

मंदाबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. उशाचा तांब्या उचलून तिने पेल्यात पाणी ओतलं. पेला भरून वरून सांडू लागला तेव्हा तिने हात थांबवला.

तेवढ्यात गोळ्यांचा ट्रे घेऊन नर्स दारात आली आणि तिथूनच तिने हाक मारली, "पुना जीवराम?"

"हां, आठेच शे," हिलाल म्हणाला आणि त्याने हात वर केला.

मंदाबाईचा पदर डोक्यावरून सरकला होता. तो तिने कपाळावर ओढून घेतला आणि मान खाली घातली. या वेळी तिला तसं करायला कुणीच सांगितलं नव्हतं.