माझ्या पाठीवरची तीन अक्षरे

मित्रांनो, मी सिग्नलला उभी राहिले की लोक अजूनही मान वळवून माझ्याकडे बघतात. गडद निळा रंग, दोनच दारे, जमिनीला टेकल्यासारखे बुटके अंग. मी सतरा वर्षांची मोटार आहे आणि मला वेगासाठीच बनवले होते. पण मी नेमकी कोण, हे माझ्या माणसांना फार उशिरा कळले. त्या उशिराची किंमत एका वयस्कर माणसाच्या खांद्याला मोजावी लागली. तेच आज सांगायला बसले आहे.

कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकाच साच्यातून निघालो, तरी आमच्यात तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात खाली बेस मॉडेल, मग मधले, आणि सगळ्यात वर टॉप मॉडेल. इंजिन तिघींना एकच. फरक होता तो सहज न दिसणाऱ्या गोष्टींत. टॉप मॉडेलच्या ब्रेकच्या तबकड्या मोठ्या आणि जाड, त्या गार राहाव्यात म्हणून वारा आत ओढणाऱ्या नळ्या, आणि डिकीच्या झाकणावर तीन चंदेरी अक्षरे. मी बेस मॉडेल. माझी पाठ कोरी होती. पळायला मला तिच्याइतकेच यायचे. थांबायला मात्र तिच्याइतके येत नव्हते.

माझे पहिले मालक घड्याळे दुरुस्त करायचे, म्हणून मी त्यांना घड्याळजी म्हणते. त्यांनी शोरूममधली तयार गाडी घेतली नाही, हवी तशी मागवली. मागणीचा कागद चांगला लांबलचक होता. काचेचे छत, मोठे स्पीकर, चामड्याच्या सीट, अशा ऑप्शनची नुसती रांग. नवराबायको जेवणाच्या टेबलाशी दोन संध्याकाळी तो कागद घेऊन बसले आणि एकेका ओळीवर काट मारत गेले. शेवटी एकच ओळ उरली, सीट आतून गरम करणारी तार. तीही फक्त शेजारच्या सीटला, कारण बाईंची पाठ दुखायची. शोरूमचा माणूस म्हणाला की तार दोन्ही सीटना मिळूनच येते. त्यावर घड्याळजी म्हणाले, "माझी पाठ ठणठणीत आहे." कारखान्याने त्यांचे ऐकले. माझ्यात काय आहे आणि काय नाही, याची सगळी यादी एका लेबलावर छापून डिकीतल्या गालिच्याखाली चिकटवली गेली.

ती वर्षे माझ्या सुखाची. घड्याळजी माझे इंजिन कान देऊन ऐकायचे. तेल बदलायची तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. बाई शेजारी बसून डोळे मिटायच्या आणि वळण आले की न बघता सांगायच्या, "आता डावीकडे." अकराव्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर घड्याळजी एकदाच माझ्यात येऊन बसले, पण किल्ली फिरवू शकले नाहीत. त्यांनी माझ्यावर कापड टाकले. मी चार वर्षे तशीच उभी होते. टायर बसले, बॅटरी मेली. आणि जे कुणालाच दिसत नाही ते ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषत राहिले. अशा तेलात पाणी मुरते आणि ते तापले की उकळते. मग पेडल कितीही दाबा, ब्रेक लागत नाही.

घड्याळजी बहिणीकडे राहायला गेले, तेव्हा मला जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने नेले. बाजारात त्याला सगळे 'चकाकी' म्हणत. त्याने मला धुतले, घासले, नवे टायर आणि नवी बॅटरी बसवली. चाकांच्या आऱ्यांमधून ब्रेकचा जो भाग दिसतो, तो त्याने लाल रंगवला. टॉप मॉडेलचा तसाच असतो. मग फूटपट्टी लावून, अगदी सरळ रेषेत, त्याने माझ्या पाठीवर तीन चंदेरी अक्षरे चिकटवली. ब्रेकच्या तेलाला त्याने हात लावला नाही, कारण ते चमकत नाही.

मित्रांनो, लपवून काय करू? मला ती अक्षरे आवडली. पहिल्याच दिवशी दोघे जण थांबले, वाकून वाचू लागले, आणि मी मनातल्या मनात मिरवून घेतले.

मला विकत घेतले ते रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका तरुण मुलीने. कामावर तिला 'ड्रायव्हरताई' म्हणत. सोबत तिचे वडील होते. ते निवृत्त बसचालक होते आणि त्यांची सगळी नोकरी घाटात गेली होती. स्टिअरिंग धरायला लेकीला त्यांनीच शिकवले होते. दोघांनी माझ्याभोवती फेरी मारली. वडिलांनी पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "टॉप मॉडेल दिसतंय." चकाकी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तो नुसता हसला. दोघांनी त्या हसण्याचा अर्थ आपापल्या मनासारखा घेतला.

तिसऱ्या आठवड्यात ताईने वडिलांना त्यांचा जुना घाट दाखवायला नेले. चढताना दोघेही खुशीत होते. या वळणावर पंक्चर काढलं होतं, त्या वळणावर गाय आडवी आली होती, अशा गोष्टी वडील सांगत होते. उतार लागला तशी ताईने मला मोकळे सोडले. प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक, वळण संपले की पुन्हा वेग. चौथ्या वळणानंतर वडील म्हणाले, "जरा हळू घे."

"बाबा, हिचे ब्रेक मोठे आहेत," ताई म्हणाली.

सहाव्या वळणावर जळका वास आला. सातव्या वळणावर पेडल मऊ लागले, आणि आठव्याच्या आधी ते थेट तळाला गेले. मला थांबायचे होते. ती दाबत होती आणि माझ्याकडून काहीच होत नव्हते. असे असहाय होणे मला तोवर माहीत नव्हते.

वडिलांचा आवाज मात्र चढला नाही. "गिअर खाली घे. एकेक. आता भिंतीकडे घे, माझ्या बाजूने घास."

"तुमच्या बाजूने?"

"दुसऱ्या बाजूला दरी आहे. घे."

तिने घेतले. दगडी भिंतीला माझे अंग घासत गेले, दार आत चेपले, आरसा उडाला, आणि वळणाच्या तोंडाशी मी थांबले. ताईला खरचटलेही नव्हते. वडिलांचा खांदा मोडला होता. थोड्या वेळाने तिच्याच कामावरची रुग्णवाहिका आली. त्या गाडीत ती पहिल्यांदाच पुढे बसली नाही, मागे बसली, वडिलांचा हात धरून.

मला एका गॅरेजमध्ये ओढून नेले. ते गॅरेज जाड चष्म्याच्या एका बाई चालवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. ताई मान खाली घालून तिथे आली तेव्हा मावशींनी माझी चाके काढून ठेवली होती. लाल रंग त्यांनी नखाने खरवडून दाखवला. बाटलीत काढलेले ब्रेकचे तेल कोऱ्या चहासारखे काळपट होते. मग डिकीतला गालिचा उचलून त्यांनी लेबल दाखवले आणि एकेका आकड्याचा अर्थ सांगितला. बेस मॉडेल. लहान ब्रेक. जादा ऑप्शन एकच, शेजारच्या सीटला ऊब. "कुणाची तरी पाठ दुखत असणार," मावशी पुटपुटल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "गाडीचं काही चुकलेलं नाही, ताई. तेल ताजं असतं आणि तू बेतानं उतरली असतीस, तर एवढ्या ब्रेकवरही ती नीट उतरली असती. जे तिच्यात नव्हतंच, ते तू मागितलंस."

ताईने वाकून ते लेबल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

माझे दार सरळ झाले, तेल बदलले, तेव्हा ती मला घेऊन चकाकीकडे गेली. त्याने आधी कानांवर हात ठेवले. अक्षरे म्हणजे नुसती शोभा, कागदावर मी कुठे काय लिहिलंय, असे त्याचे म्हणणे. पण मावशींचा लेखी अहवाल बघितल्यावर त्याचा सूर बदलला. गाडी आहे तशी परत द्या, तुमचे सगळे पैसे घ्या आणि विषय इथेच संपवा, असे तो म्हणाला. ताई थकली होती. दवाखान्याच्या खेपा चालू होत्या, आणि मी तिला नजरेसमोरसुद्धा नको झाले होते. तिने किल्ली टेबलावर ठेवली. ठेवून झाल्यावर विचारले, "पुढे हिचं काय कराल?"

"विकेन. दुसरं काय करणार?"

"अक्षरांसकट?"

खिशातून फडके काढून चकाकी माझा दिवा पुसू लागला. ताईने किल्ली पुन्हा उचलली आणि मला घरी आणले. पुढे तिने त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. त्या तक्रारीचे काय झाले ते मला माहीत नाही. मी गाडी आहे, दारात उभे राहून जेवढे कळते तेवढेच मला कळते.

त्याच दिवशी तिने घरातला केस वाळवायचा ड्रायर आणला, माझी पाठ गरम केली आणि मासे पकडायच्या दोऱ्याने एकेक अक्षर कापून काढले. उरलेला गोंद बोटाने घासत बसली. मला उघडे पडल्यासारखे वाटले, आणि हलकेही वाटले.

नंतरचे चार महिने मी नुसती उभी होते. ताई रुग्णवाहिका रोज चालवायची, माझ्याजवळून मात्र खाली बघत जायची. मग एका सकाळी जिन्यावरून वडील हळूहळू उतरले. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांनी उजव्या हाताने दार उघडले आणि आत येऊन बसले. ताई धावत खाली आली.

"बाबा, दवाखान्यात आपण रिक्षाने जाऊ."

"बस."

ती बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं हळू घे म्हणून. मी ऐकलं नाही."

वडील समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "मी एकदाच सांगितलं," ते म्हणाले. "तीस वर्षं घाटात गाडी हाकली. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं का? पण मलाही ती अक्षरं खरी वाटायला हवी होती. माझ्या पोरीकडे टॉप मॉडेल आहे, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो."

ताई रडली. त्यांनी तिला रडू दिले. मग ती दवाखान्याकडे निघाली, आणि मी प्रत्येक वळणावर, तिने म्हटले तेव्हा, म्हटले तिथे थांबले.

मित्रांनो, एवढेच मागते. जुनी वस्तू घेतलीत तर तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचून थांबू नका, गालिचा उचलून बघा. जे चमकत नाही त्याचीही वेळेवर निगा राखा. आणि ती विकायची वेळ आली, तर ती जेवढी आहे तेवढीच सांगा. मी कमी आहे याचे मला दुःख नाही. माझ्यात नव्हते ते माझ्या नावावर सांगितले गेले, आणि मला बोलता आले नाही, याचे आहे. तुम्हाला बोलता येते.