खाली नको

ऊन इतकं लख्ख पडलं होतं की द्राक्षांच्या वेलींकडे बघतानाही डोळे बारीक करावे लागत होते. ताई आणि भावोजी सायकली घेऊन मळ्यांतून भटकायला गेले आणि त्यांची ढमी आली माझ्या गळ्यात. "मावशी आहे ना," म्हणून माणसं किती निवांत सुटी घालवतात बघा! शिवाय निघताना ताईने बजावलं, "कडेवर घे म्हणेल, अजिबात घेऊ नकोस. फार लाडावलीये."

मला सांगायलाच नको होतं. ढमी पाच वर्षांची, अंगाने गुटगुटीत आणि नाटकं म्हणाल तर रोज नवीन अंक. चार पावलं चालली की पाय दुखणार, मग पोट दुखणार, आणि सगळ्यावर औषध एकच. कडेवर!

उन्हाला कंटाळून आम्ही दोघी वाइनचा कारखाना बघायला गेलो. माहिती सांगणाऱ्या मुलीने आम्हाला पायऱ्या उतरून तळघरात नेलं. गारेगार जागा. दोन्हीकडे उघड्या तोंडाच्या मोठाल्या टाक्या आणि त्यांत फसफसणारा द्राक्षांचा रस. भिंतीत जमिनीलगत बसवलेला एक पंखा नुसता घरघरत होता. ती मुलगी त्याच्याकडे हात करून काहीतरी सांगत होती, पण मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते.

"अहो, आधी तो पंखा बंद करा!" मी ओरडले. "मूकपट बघायला आलोय का आम्ही?"

ती घुटमळली. मग बटण दाबून म्हणाली, "दोनच मिनिटं हं."

हुश्श! आता टाक्यांमधली बुडबुडसुद्धा ऐकू येऊ लागली. ती उत्साहाने सांगत होती, मी एकातून एक प्रश्न काढत होते, आणि पंख्याची आठवण तिलाही राहिली नाही.

"मावशी, कडेवर."

"नाही."

"डोकं दुखतंय."

"डोकं दुखायला आधी ते असावं लागतं."

"मावशी, झोप आली." तिने माझा हात ओढला. मी हिसडून सोडवला. तशी ती खाली फरशीवर बसली आणि थोड्या वेळाने चक्क आडवी झाली.

लोकांसमोर तमाशा! माझा पारा चढला. एक धपाटा घालावा म्हणून खाली वाकले, तर सोडा नाकात गेल्यासारखं झणझणलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. श्वास ओढला, पण छाती भरेचना. घाबरून ताडकन उभी राहिले. वर सगळं ठीक. पुन्हा वाकले, पुन्हा तेच.

माझ्या उंचीला हवा होती. तिच्या उंचीला नव्हती.

माहिती सांगणाऱ्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "उचला तिला! वर धरा, वर!" ओरडत ती पंख्याकडे धावली. मी श्वास कोंडला, वाकले आणि ढमीला उचललं. तिची मान माझ्या दंडावरून लोंबत होती. पायऱ्या कशा चढले, देव जाणे.

बाहेर उन्हात तिला मांडीवर घेतलं. ओठ निळसर पडले होते. गाल थोपटले, हाका मारल्या. काही नाही. तेच लख्ख ऊन, त्याच वेली आणि माझ्या मांडीवर ताईची लेक अशी. देवा, हे नाटकच असू दे रे! जन्मभर करू दे तिला नाटकं, मी चकार शब्द काढणार नाही!

ढमी खोकली. मग माझ्या अंगावर भडाभडा ओकली आणि भोकाड पसरलं. मी तिच्यापेक्षा मोठ्याने रडले.

डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "वेळेवर उचललंत." कारखान्यातली ती मुलगी रडत रडत सांगत होती, रस फसफसताना वायू निघतो, तो जड असतो, जमिनीलगत साचतो. "पंखा त्याच्यासाठीच होता हो. मी तेच तर सांगत होते तुम्हाला."

ताई सायकलवरून आली, घामाघूम, खुशीत. "अगं, शेवटी घेतलंसच ना कडेवर? हरलीस की नाही?"

"मावशी, खाली उतरव ना," ढमी चुळबुळ करत म्हणाली. "मला आईकडे पळत जायचंय."

"खाली नको," मी म्हणाले. हात भरून आले होते, पण तिला आणखी वर घेतलं, खांद्यापाशी.

ताई हसतच होती.